भिडे पूल पाण्याखाली गेल्यावर नकाशाचे काय होते?

खडकवासला धरणातून मुठेत मोठा विसर्ग सोडला की पुण्याचा भिडे पूल पाण्याखाली जातो. नदीपात्रातच बांधलेला हा बुटका पूल डेक्कन जिमखाना आणि नारायण पेठ यांना जोडतो. तो बंद झाला म्हणून रोज त्यावरून जाणारा पुणेकर गोंधळत नाही. दोन दिवस पाऊस लागून राहिला आहे, धरण भरत आले आहे, तेव्हा आज झेड ब्रिजवरून जाऊ, असे तो घरातून निघतानाच ठरवून टाकतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एजंट, म्हणजे ठरवून दिलेले उद्दिष्ट गाठण्यासाठी पुढची पावले स्वतः ठरवणारा प्रोग्राम, हेच काम कसे करतो हे समजून घ्यायचे असेल, तर याच पुलापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. यंत्राला नकाशा खरोखर कळला आहे की नेहमीचे रस्ते नुसते पाठ झाले आहेत, हे पूल उघडा असेपर्यंत कोणालाच सांगता येत नाही.

फोनच्या पडद्यावर आपल्याला दिसणारा नकाशा हे आपल्यासाठी काढलेले चित्र असते. ते चौकोनी तुकडे जोडून तयार होते. सर्वांत दुरून पाहिले तर सगळे जग २५६ गुणिले २५६ ठिपक्यांच्या एका चौकोनात मावते आणि प्रत्येक पायरी जवळ जाताना एका चौकोनाचे चार होतात. रस्ता शोधणारा प्रोग्राम मात्र या चित्राकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्याजवळ असते ती बिंदूंची आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांची यादी. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या आणि कोणालाही भर घालता येणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशात ही रचना उघडपणे पाहता येते. तिथे प्रत्येक बिंदूला अक्षांश आणि रेखांश असतात, बिंदूंची माळ ओवली की रस्ता होतो, आणि त्या रस्त्याला नाव, प्रकार, एकेरी की दुहेरी, पूल आहे की नाही अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. ‘या चौकात उजवीकडे वळता येणार नाही’ हीसुद्धा तिथली एक वेगळी नोंदच असते.

या यादीतली एक गोष्ट चित्र पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही. कागदावर दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या, तरी त्यांचा एखादा बिंदू सामाईक असल्याशिवाय यंत्राच्या दृष्टीने त्या जोडलेल्या नसतात. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या डोक्यावरून जे. जे. उड्डाणपूल जातो. वरून पाहिले तर दोन्ही एकाच जागी आहेत, पण खालच्या रस्त्यावरून वरच्या पुलावर मधूनच चढता येत नाही, आणि ही साधी गोष्ट नकाशात लिहिलेली असते ती सामाईक बिंदू नसण्यातून.

नकाशाकडे असे पाहण्याची दृष्टी संगणकाहून बरीच जुनी आहे. कोनिग्जबर्ग शहरात प्रेगेल नदीवर सात पूल होते आणि प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन सगळे पूल ओलांडता येतील का, असे कोडे तिथले लोक घालत. लिओनार्ड ऑयलरने १७३६ मध्ये ते सोडवताना पुलांची लांबी, रस्त्यांची वळणे, नदीची रुंदी हे सगळे बाजूला सारले आणि कोणता भाग कोणत्या भागाला किती पुलांनी जोडला आहे एवढेच ठेवले. अशी फेरी अशक्य आहे हे त्यावरून सिद्ध झाले आणि बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या ग्राफ नावाच्या गणिती रचनेचा अभ्यास सुरू झाला. मुठेवरचे पूल याच पद्धतीने मांडले, तर ऑयलरला न पडलेला एक प्रश्न उभा राहतो. झेड ब्रिज दुचाकींसाठी आहे, तर लकडी पुलावर अनेक वर्षे दुचाकींनाच बंदी होती. म्हणजे एकाच नदीवरच्या त्याच पुलांचा स्कूटरसाठीचा ग्राफ वेगळा, मोटारीसाठीचा वेगळा आणि पायी जाणाऱ्यासाठीचा आणखी वेगळा असतो. ‘पुण्याचा नकाशा’ अशी एकच वस्तू यंत्राजवळ नसतेच.

ग्राफ तयार झाल्यावर त्यातून सर्वांत कमी खर्चाची वाट शोधायची असते. त्यासाठी आजही पायाभूत मानली जाणारी युक्ती एट्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाला १९५६ मध्ये सुचली. आर्मॅक नावाच्या नव्या संगणकाचे प्रात्यक्षिक सामान्य माणसालाही कळावे म्हणून त्याला एक सोपा प्रश्न हवा होता, आणि त्याने नेदरलँड्समधील ६४ शहरांचा नकाशा निवडला. ॲमस्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर एका कॅफेत कॉफी पिताना, कागदपेन्सिलीविना, वीसेक मिनिटांत ही रीत सुचल्याचे त्याने स्वतः सांगितले आहे. ती छापून आली १९५९ मध्ये.

ही रीत फरशीवर सांडलेल्या पाण्यासारखी चालते. समजा, आपण डेक्कनला उभे आहोत. तिथून थेट जाता येईल अशा प्रत्येक चौकासमोर तिथे पोहोचायला लागणारी मिनिटे लिहायची. त्यांपैकी सर्वांत कमी मिनिटांचा चौक पक्का करायचा, कारण तिथे याहून लवकर पोहोचण्याचा दुसरा मार्ग असूच शकत नाही. दुसऱ्या कोणत्याही चौकातून फिरून यायचे, तर तिथपर्यंत जायलाच तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. मग त्या पक्क्या चौकातून पुढच्या चौकांची मिनिटे मोजायची, आधी लिहिलेला आकडा मोठा असेल तर खोडून लहान लिहायचा, आणि उरलेल्यांतला सर्वांत लहान पुन्हा पक्का करायचा. नारायण पेठेतला आपला चौक पक्का झाला की काम संपले. यात मोजायचे ते अंतरच असले पाहिजे असे नाही. मिनिटे, पेट्रोल, टोलचे पैसे, रस्त्याचा चढ यांपैकी काहीही चालते, फक्त तो आकडा शून्याखाली जाता कामा नये.

पाणी चारही दिशांना सारखे पसरते, हा या रीतीचा दोष. पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्यासाठी ती नाशिककडच्या रस्त्यांवरही तितकीच निष्ठेने चौकशी करत बसते. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी ‘शेकी’ या चाकांवर फिरणाऱ्या यंत्रमानवाच्या निमित्ताने या पसरण्याला दिशा दिली. आतापर्यंत झालेल्या खर्चात ‘इथून पुढे निदान एवढे तरी लागेल’ हा अंदाज मिळवायचा आणि ज्या चौकाची बेरीज सर्वांत कमी त्याकडे आधी वळायचे, ही ए-स्टार नावाची पद्धत. अंदाज म्हणून बहुधा सरळ रेषेतले अंतर घेतात. हा अंदाज खऱ्या खर्चाहून कधीच जास्त नसेल, तर मिळालेली वाट सर्वांत कमी खर्चाचीच असते, हे सिद्ध करता येते. सह्याद्रीत ही पद्धत बरीच दमते. महाबळेश्वरहून पोलादपूर नकाशावर बोटभर दिसते, पण मध्ये आंबेनळी घाट आहे. सरळ रेषेचा अंदाज तिथे फारच आशावादी ठरतो, म्हणून उत्तर चुकत नसले तरी शोध आडवाटांना बराच भटकतो.

देशभरच्या कोट्यवधी चौकांसाठी तेवढेही पुरत नाही. म्हणून २००८ च्या सुमारास जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे मांडलेल्या एका पद्धतीत कमी महत्त्वाचे चौक आधीच गाळून त्यांच्या जागी थेट जोडरेघा तयार करून ठेवतात, आणि लांबचा प्रवास या जोडरेघांवरूनच शोधतात. आपणही कोल्हापूरला निघताना वाटेतल्या प्रत्येक गल्लीचा विचार करत नाही, महामार्गापर्यंतचा आणि महामार्ग सोडल्यानंतरचाच करतो. इथे एक मजेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. ए-स्टार हे एके काळी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाचे अभिमानाचे फळ होते, आणि आज त्याला कोणी बुद्धिमत्ता म्हणत नाही. जे नीट समजले, ते हिशेबात जमा होते.

वाट शोधण्याआधी आपण कुठे आहोत हे कळावे लागते. फोन उपग्रहांच्या संकेतांवरून जागा काढतो, पण उंच इमारतींमध्ये ते संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि नकाशावरचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. म्हणून प्रोग्राम एकट्या ठिपक्यावर विसंबत नाही. गेल्या काही मिनिटांतले सगळे ठिपके घेऊन, रस्त्यांच्या जाळ्यात कोणत्या वाटेने गेल्यास ते सर्वांत शक्य वाटतात, हे तो मोजतो. जे. जे. उड्डाणपुलावर आणि त्याच्या खाली अक्षांश-रेखांश जवळजवळ सारखेच येतात, तेव्हा गाडी मध्ये सिग्नलला थांबली का, वेग किती होता, पुलाच्या चढावावरून ती गेली होती का, असे दुय्यम पुरावे कामाला येतात.

घरात किंवा गोदामात फिरणाऱ्या यंत्रमानवाची अडचण याहून मूलभूत आहे. त्याला नकाशा कोणी दिलेला नसतो, आणि नकाशा काढायचा तर आपण कुठे आहोत हे माहीत हवे, तर आपण कुठे आहोत हे कळायला नकाशा हवा. यावर तो दोन्ही गोष्टी एकदमच करतो. चाके किती फिरली यावरून जागेचा अंदाज बांधतो, कॅमेऱ्याला किंवा लेझरला दिसणाऱ्या भिंतीकोपऱ्यांशी तो ताडून पाहतो आणि दोन्हींतली चूक थोडी थोडी दुरुस्त करत जातो. चूक मात्र साचत राहते. एखाद्या वाड्यात डोळे बांधून पावले मोजत फिरणाऱ्याची होते तशीच ही गत असते. मग फिरत फिरत तो आधी पाहिलेल्या कोपऱ्याशी परत येतो, तो कोपरा ओळखतो, आणि ‘मी इथे यायला हवे होते, पण माझ्या हिशेबाने दोन हात पलीकडे आहे’ हे कळताच ती तफावत मागच्या सगळ्या वाटेवर वाटून टाकतो. जमिनीची मोजणी करणारे सर्वेक्षकही फेरी पूर्ण करून आरंभबिंदूला परत येतात आणि राहिलेला फरक असाच वाटतात.

इथपर्यंतचे सगळे माणसाने नियम लिहून यंत्राला दिलेले आहे. नियम न देता केवळ अनुभवातून यंत्राला जागेचे भान येईल का, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याची प्रेरणा उंदराच्या मेंदूतून आली. उंदीर ठरावीक जागी आला की मेंदूतल्या ठरावीक पेशी पेटतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखवले. २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्या गटाने आणखी अद्भुत पेशी शोधल्या. त्या पेटण्याच्या जागा जमिनीवर मांडल्या तर षटकोनी जाळी दिसते, जणू मेंदूने स्वतःचा आलेखकागद आखून ठेवला आहे. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१८ मध्ये डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी मेंदूतल्या पेशींच्या धर्तीवर रचलेल्या एका कृत्रिम जाळ्याला स्वतःच्या वेगावरून आणि वळण्यावरून स्वतःची जागा ओळखत राहायला शिकवले, तेव्हा त्याच्या आतही तशाच षटकोनी नक्षी उमटल्या, आणि बंद असलेले दार उघडल्यावर त्या जाळ्यावर चालणारा एजंट नवी जवळची वाट घेऊ लागला. पुढे २०२२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवले की ती नक्षी आपोआप उमटत नाही, ती प्रयोगाच्या मांडणीतल्या काही खास निवडींवर अवलंबून असते. तेव्हा ‘यंत्राने मेंदूचा शोध पुन्हा लावला’ असे म्हणण्याची घाई करू नये.

आजचे बहुतेक एजंट भाषेच्या मोठ्या मॉडेलवर उभे आहेत. प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द ओळखायला ही मॉडेल शिकतात. त्यांनी जग पाहिलेले नसते, जगाविषयी लिहिलेले वाचलेले असते. तरीही त्यांच्या आत एक ढोबळ नकाशा तयार होतो. २०२३ मध्ये एमआयटीतील वेस गर्नी आणि मॅक्स टेगमार्क यांनी लामा-२ या मॉडेलला गावांची आणि ठिकाणांची नावे देऊन त्याच्या आत उमटणारे आकडे तपासले, तेव्हा अगदी साध्या गणिती सूत्राने त्या आकड्यांतून अक्षांश आणि रेखांश बऱ्यापैकी काढता आले. सातारा पुण्याच्या दक्षिणेला आहे हे असंख्य वाक्यांत आडून आडून आलेले असते आणि मॉडेल ते गोळा करते. गल्लीबोळांचे मात्र तसे नाही. त्यांच्याविषयी फारसे लिहिलेच जात नाही.

गल्लीबोळांची परीक्षा २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनवर झाली, आणि या विषयातला हा मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग आहे. कीऑन वाफा, सेंधिल मुल्लैनाथन, जॉन क्लाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॅक्सीच्या प्रवासांची वळणावळणांची वर्णने एका मॉडेलला शिकवली. निघण्याचा चौक, पोहोचण्याचा चौक आणि मधली वळणे, इतकेच त्याला दिले. नकाशा दिला नाही. शिकून झाल्यावर मॉडेल सांगत असलेली वळणे जवळजवळ नेहमी बरोबर येत. मग संशोधकांनी उलट वाटेने जाऊन, या मॉडेलच्या मनात मॅनहॅटन कसे असावे हे त्याच्या उत्तरांवरून रेखाटून पाहिले. त्यात नसलेले रस्ते होते, इमारतींवरून आरपार गेलेले पूल होते, आणि कोणत्याही शहरात असू शकणार नाहीत अशा दिशांना जाणाऱ्या गल्ल्या होत्या. त्यांनी शहरातले एक टक्का रस्ते बंद केले, तेव्हा जवळजवळ शंभर टक्के असलेली अचूकता ६७ टक्क्यांवर आली.

असे का झाले असावे, याचा धागा त्याच प्रयोगात सापडतो. काही मॉडेलना सर्वांत जवळच्या वाटांचे प्रवास शिकवले होते आणि काहींना कुठेही भटकणारे, कशाही वळणांचे प्रवास. दुसऱ्या प्रकारच्या मॉडेलच्या मनातला नकाशा खऱ्या शहराच्या बराच जवळ गेला. नेहमी शहाण्या वाटेनेच गेलेल्याला आडगल्ली कुठे निघते हे कधी पाहायलाच मिळत नाही, आणि मुख्य रस्ता बंद झाल्यावर नेमकी तीच माहिती लागते. पुण्याच्या पेठांमध्ये सायकलवर उनाडलेल्या मुलाला आणि रोज एकाच रस्त्याने कचेरीत जाणाऱ्या माणसाला भिडे पूल बंद झाल्यावर सारखीच अडचण येत नाही.

म्हणून व्यवहारात वापरले जाणारे एजंट मॉडेलच्या स्मरणावर विसंबत नाहीत, निदान विसंबू नयेत. मॉडेलचे काम माणसाचे म्हणणे समजून घेण्याचे असते. ‘आजीला जिने चढवत नाहीत, रिक्षा दारापर्यंत गेली पाहिजे’ या वाक्यातून अटी काढायच्या, पत्ता शोधणाऱ्या सेवेला विचारायचे, वाट काढणाऱ्या प्रोग्रामकडे डाइक्स्ट्राच्या वंशातले काम सोपवायचे आणि आलेले उत्तर पुन्हा माणसाच्या भाषेत सांगायचे. या साखळीत सर्वांत जास्त घोटाळे पत्त्यापाशी होतात. आपले पत्ते ‘मारुतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीच्या मागे’ असे असतात, आणि ‘मागे’ म्हणजे कोणत्या बाजूला हे गिरणीचे तोंड कोणीकडे आहे यावर ठरते. ते नकाशात लिहिलेले नसते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडने, ज्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या अधिकाऱ्याने केली, पत्र योग्य टपाल कार्यालयापर्यंत नेण्याचा प्रश्न सोडवला. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेल्या डिजिपिनमध्ये देशाचा सुमारे चार मीटर लांबीरुंदीचा प्रत्येक चौकोन दहा अक्षर-अंकांच्या खुणेने ओळखता येतो. यंत्राला हे सोपे जाते. माणसाला मात्र गिरणीच लक्षात राहते.

आकड्यांमध्येही चकवे आहेत. काही प्रणाली आधी अक्षांश लिहितात, काही आधी रेखांश. पुणे साधारण १८.५२ उत्तर अक्षांश आणि ७३.८६ पूर्व रेखांशावर आहे. ही जोडी उलटी वाचली तर ठिकाण निघते ते नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेकडच्या गोठवणाऱ्या समुद्रात. एजंटने आकडे एका सेवेकडून घेऊन दुसरीला देताना ही अदलाबदल होऊ शकते, आणि उत्तराकडे पाहून ‘हे समुद्रात कसे?’ असे स्वतःला विचारण्याची शिस्त त्याला मुद्दाम लावावी लागते. नकाशाचे चित्रच दाखवून वाट विचारली तर आणखी वेगळी अडचण येते. प्रतिमा वाचणारी मॉडेल बहुधा चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येकाचे आकडे करतात. रस्त्याची बारीक रेघ अनेक चौकोनांतून जाते, आणि ती इथून तिथवर अखंड आहे की मध्ये तुटली आहे हे पाहण्यात अशी मॉडेल सहज चुकतात. वाट शोधताना तर नेमके तेच महत्त्वाचे असते.

आता पूल बंद झाला आहे. ग्राफवर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी ही घटना सोपी आहे. एक रेघ काढून टाकायची आणि हिशेब पुन्हा करायचा. सगळा हिशेब नव्याने करण्याऐवजी बिघडला तेवढाच भाग दुरुस्त करणारी डी-स्टार ही पद्धत अँथनी स्टेंट्झ यांनी १९९४ मध्ये मांडली, आणि तिच्याच कुळातली एक पद्धत मंगळावर स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांवर वापरली गेली. पण रेघ काढून टाकायची आहे हे प्रोग्रामला सांगणार कोण? कधी महापालिकेची सूचना असते, कधी एखादा स्वयंसेवक नकाशात नोंद करतो, कधी त्या रेघेवरून फोन जाईनासे झाले आहेत हे आकडेवारीतून उमगते. यांपैकी काहीतरी घडेपर्यंतच्या काळात नकाशावर पूल असतो आणि नदीवर नसतो.

पूल बंद असेल, नसेल, आणि तिथे जाऊन पाहिल्यावरच कळेल, अशा परिस्थितीत वाट ठरवण्याच्या प्रश्नाला गणितात ‘कॅनडियन प्रवाशाचा प्रश्न’ म्हणतात, कारण बर्फाने बंद झालेल्या रस्त्यांवरून तो सुचला. क्रिस्टोस पापादिमित्रिऊ आणि मिहालिस यानाकाकिस यांनी तो मांडला आणि सामान्य रूपात तो भलताच अवघड असल्याचेही दाखवले. सर्वांत जवळची वाट काढणे याच्यापुढे पोरखेळ आहे, कारण इथे प्रत्येक रेघेसोबत ती बंद असण्याची शक्यता, तिच्यापर्यंत जाऊन परत फिरण्याचा खर्च आणि वाटेत मिळणारी नवी माहिती यांचा एकत्र हिशेब करावा लागतो. जुलैच्या सकाळी धरण किती भरले आहे हे आठवून झेड ब्रिजकडे गाडी वळवणारा पुणेकर ढोबळपणे हाच हिशेब करतो. एजंटला तो करायचा असेल, तर त्याला रस्त्यांच्या ग्राफबरोबर खडकवासल्याच्या विसर्गाचा आकडाही वाचावा लागेल, आणि त्या दोन्हींचा संबंध आहे हे कोणीतरी त्याला आधी सांगावे लागेल किंवा अनेक पावसाळे पाहून त्याने स्वतः शिकावे लागेल.